हाताने लाटलेले

मंगल आर्ट्स, पेठ नाका,
पंचवटी, नाशिक.
मंगळवार, ४ मार्च २०२५

ती. भागीबाय हिला मंगळूचा दंडवत.

आम्ही इकडे बरे आहोत. ललिताचा गुडघा आहे तसाच, हर्षाली तिच्या मोबाइलमध्ये, मी माझ्या ब्रशमध्ये. पोरांचा खोकला गेला असेल. दिनेश अजून द्राक्षांच्या कामाला विंचूरकडेच असेल, शिमग्याला येईल असं धरून चालतो. सविताला आशीर्वाद सांग. संक्रांतीला आलो तेव्हा तू दिलेला चहा चांगला झाला होता. पडवीत गोधडी टाकून बसायला नवीन काहीतरी केलंयस तेही पाहिलं. टणक आहे. त्या दोन्हींबद्दल पुढे लिहितो.

फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. तर फोनवर तू काय करतेस ते मला पाठ आहे. पाऊसपाणी, कोंबड्या, शेजारणीची सून, यात तुझी रेंज खणखणीत असते. मी कामाचं विचारलं की, "हॅलो, हॅलो, काय ऐकू नाय येत रं मंगळ्या," आणि खटकन बंद. पत्राला रेंज लागत नाही. सोमनाथच्या जीपने पाठवतोय, संध्याकाळच्या आत तुझ्या हातात पडेल. अक्षर पाटीसारखं मोठं आणि सुटं काढलंय, ओळी लांब लांब ठेवल्यात. सविताकडून वाचून घेऊ नकोस. तुझं तू वाच.

आता मुद्दा. तुझे पापड बंद केलेत.

मी नाही केले. ऑनलाइन बाजारवाल्यांनी केले. शनिवारपासून आपल्या पापडांच्या फोटोवर करडा रंग चढलाय आणि खाली लिहिलंय, 'सध्या उपलब्ध नाही'. घरात तुझ्या पापडांचे दोन खोके पडलेत आणि म्हणे उपलब्ध नाही! एका ग्राहकाने तक्रार केली की मालाच्या नावात लिहिलंय एक आणि खोक्यात आलं दुसरं. त्यांनी मला एकच प्रश्न पाठवलाय. तो असा: आपल्या उत्पादनाच्या शीर्षकात 'हाताने लाटलेले' असे नमूद आहे, ते खरे आहे काय? गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर आपलं दुकान कायमचं उतरवणार.

डोकं फिरलंय माझं. नीट सांगतो, म्हणजे का फिरलंय ते तुला कळेल. तू मागे म्हणाली होतीस, "एका नावासाठी बापलेक इतकं काय भांडता रं?" तर ऐक.

तिथे दुकान नाही, गल्ली नाही, तळलेल्या पापडाचा वास नाही. माणूस घरात बसून मोबाइलवर अंगठ्याने माल वर ढकलत जातो. एसटीच्या खिडकीतून दुकानं मागे जातात ना, तसं. त्यात तुझ्या पापडाचा एक नखाएवढा फोटो आणि त्याखाली नाव. ते नाव म्हणजे आपली पाटी. बरं, पाटीही सगळी दिसत नाही. पहिले सहा-सात शब्द दिसतात आणि पुढे तीन टिंबं. टिंबांच्या पलीकडे तू सोनं लिहिलंस तरी कोणी वाचायला जात नाही.

हे मला कोणी शिकवायला नको. पेठ नाक्यावरून जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला पाटीवरचे तीन शब्द वाचता येतात, चौथ्याला गाडी पुढे गेलेली असते. मी हे कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. सातवीनंतर पेंटरची बादली धरली, मालक जेवायला गेला की त्याच्या ब्रशने भिंतीच्या मागल्या बाजूला अक्षरं काढली, रात्रीतून पुसली. इतकं सगळं ठाऊक असून पहिलं नाव मी काय लिहिलं असेल? लिहिलं, 'श्री सप्तशृंगी प्रसन्न, मंगल गृहउद्योग यांचे सुप्रसिद्ध, चविष्ट व उत्तम प्रतीचे नागली पापड'.

हर्षालीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "पप्पा, यातलं दिसतंय काय वाचा."

दिसत होतं: श्री सप्तशृंगी प्रसन्न, मंगल गृहउद्योग यांचे... आणि टिंबं.

"लोकांना वाटेल देवीचा फोटो विकतोय. आणि सुप्रसिद्ध कुठे हो? आपल्या घरात?"

महिनाभर एक पुडा गेला नाही. मग तिने लिहिलं. तिचं नाव ऐक, उभं राहून ऐक: 'नागली पापड नाचणी पापड रागी पापड मिलेट पापड हेल्दी डाएट स्नॅक बेस्ट क्वालिटी'. मी म्हटलं, हे नाव आहे की हातगाडीवाल्याची आरोळी? एका ओळीत चार वेळा पापड! पाटीवर असं लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाने रंगाचा डबा माझ्या डोक्यात ओतला असता. त्या बाजारवाल्यांनाही ते पटलं नाही. 'बेस्ट' शब्द चालत नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पण पोरगी एका बाबतीत बरोबर होती. मी म्हणत होतो, आपण नागली म्हणतो, नागलीच लिहायचं. ती म्हणाली, "पुण्याच्या बाईला नागली माहीत नाही, ती नाचणी शोधणार. बंगळूरचा माणूस रागी शोधणार. तुमचा माल तुमच्या शब्दाने नाही, त्यांच्या शब्दाने सापडतो पप्पा." तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिन्ही शब्द घातले. हरलो हे मला मान्य आहे. तिच्यासमोर नाही.

असं घासत घासत शेवटी नाव बसलं. तुला तोंडपाठ असेल, तरी लिहितो:

पेठचे नागली पापड, नाचणी, रागी, हाताने लाटलेले, उन्हात वाळवलेले, ५०० ग्रॅम

यात एक शब्द फुकटचा नाही. आधी गाव, कारण पेठची नागली म्हटली की जाणकार थांबतो. मग माल. मग तोच माल दुसऱ्यांच्या तोंडच्या शब्दांत. मग तो कसा केला. शेवटी वजन, म्हणजे घेणाऱ्याला विचारावं लागू नये. स्वादिष्ट नाही, सुप्रसिद्ध नाही, उत्तम नाही. कौतुक खाणाऱ्याने करावं, पाटीने करू नये. हर्षालीच्या कंपनीतला तिचा साहेब, त्याने ते वाचून विचारलं म्हणे, "हे कोणाकडून लिहून घेतलंस?" ती म्हणाली, वडिलांकडून. हे तिने मला दोन आठवड्यांनी, भांडी घासता घासता सांगितलं. असो.

त्यातले 'हाताने लाटलेले' हे दोन शब्द माझे. ती म्हणत होती नाव लांब होतंय, काढा. मी काढून पाहिलं, तर त्या आठवड्यात मागणी एकदम बसली. परत घातले, परत चढली. फोटो तोच, पापड तेच, दोन शब्दांचा फरक. मशीनच्या मालाने लोक इतके विटलेत की 'हात' हा शब्द दिसला की थांबतात. मी छाती काढून सगळ्या नाक्याला सांगितलं, बघा, माझ्या बहिणीचा हात विकला जातो!

आता तक्रार करणारा माणूस. रंगनाथ असं नाव आहे, पुण्याचे कोणी निवृत्त गृहस्थ. त्यांनी काय लिहावं? 'पुड्यातले सर्व पापड एकमेकांवर ठेवून पाहिले. एकाचीही कड बाहेर येत नाही. कोणाचा हात असा चालतो, ते कळवावे.' खाली फोटो. पापडांची चळत, आणि बाजूला उभी पट्टी! पापड खायचे सोडून माणूस पट्टी लावतो. असल्या माणसाच्या बायकोची मला दया येते. हे वाक्य मी ललिताला ऐकवलं, तर ती माझ्या कानावरच्या पेन्सिलीकडे आणि गळ्यातल्या टेपकडे बघत राहिली.

मी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं. सगळ्या जगाला दिसेल असं, त्यांच्या तक्रारीच्या खालीच. 'माझी बहीण लहानपणापासून पापड लाटते आहे. तिच्या हातावर शंका घेण्याआधी आपण एक पापड लाटून दाखवावा.' हर्षाली म्हणत होती, "पप्पा, ग्राहकाशी असं बोलत नाहीत." मी म्हटलं, माझ्या बहिणीशीही असं बोलत नाहीत.

मग खोका उघडला. त्याला दुसऱ्या पुड्याचा फोटो पाठवून गप्प करावं म्हणून.

बाय, तुला आठवतं का, मी ब्रश धरायला लागलो तेव्हा मला गोल येत नव्हता. सुट्टीत घरी आलो की तुझा वाळलेला पापड कागदावर ठेवायचो आणि कडेने पेन्सिल फिरवायचो. तुझा पापड कधीच गोल नव्हता. तू लाटताना डाव्या बोटांनी फिरवायचीस आणि उजव्या हाताचा जोर शेवटी जास्त पडायचा, म्हणून एका बाजूला पोट सुटायचं. आजही माझा 'ठ' डावीकडे कलतो. पेठ लिहिताना नाक्यावरचा कोणीही ओळखतो, हा मंगळूचा 'ठ'. एका गिऱ्हाइकाने एकदा तो सरळ करून मागितला होता. मी त्याला दुसरा पेंटर बघ म्हणून सांगितलं.

त्या खोक्यातले पापड गोल होते.

कंपास लावला. सगळे एकाच मापाचे. एक पापड उचलून दुकानाच्या दारात उजेडाला धरला. तुझा पापड मधे जरा जाड आणि कडेला झिरझिरीत असतो, कडेतून पलीकडचं दिसतं. हा सगळीकडून सारखा. आणि अंगावर बारीक बारीक चुण्या, प्लास्टिकच्या कागदाला पडतात तशा. पापडाला हात लागला असता तर हाताच्या चुण्या पडल्या असत्या.

पुण्याचा माणूस बरोबर होता. मला त्याचा जास्त राग आला.

मी सविताला फोन केला. तू शेतावर गेली होतीस. तिला विचारलंच नाही की मशीन घेतलंय का. विचारलं, "काय सविता, मशीन नीट चालतंय ना?"

"हो मामा, फक्त दांडा जरा..." मग, "अगं आई गं. मामा, तुम्हाला कोनी सांगितलं?"

तिच्यावर ओरडू नकोस. ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, "मी बोलले असं कळलं तर सासूबाई घरात घेनार नाय, मामा. तुम्हाला माझी शपथ, पन त्यांना सांगू नका." तर हे मी तुला सांगतोय, आणि तू तिला घरात घेणार आहेस. कळलं?

म्हणजे संक्रांतीला मी ज्याच्यावर बसलो होतो ते तेच. गोधडीखाली! मी बसतोय आणि तो दांडा माझ्या कमरेत रुततोय. मी म्हटलं, "हे काय गं खाली?" तर तू म्हणालीस, "जुनं लोखंड हाय रं, भंगारवाला येनार हाय." आणि मी, गाढव, त्या लोखंडावर बसून अर्धा तास फ्लेक्सवाल्यांना शिव्या दिल्या. मशीनने हात मारले, हाताला पर्याय नाही, मशीनचं अक्षर म्हणजे मेलेलं अक्षर, माझी बहीण बघा अजून... सगळं म्हटलं. तू समोर उभी राहून, "व्हय, व्हय" करत होतीस. पदर तोंडाला लावून. मला वाटलं तुला पटतंय. तू हसू दाबत होतीस की दुसरं काही, ते मला आज कळत नाही.

कमाल आहे तुझी! मशीन घ्यायचं तर घे ना. मी काय मशीनचा वैरी आहे? बरं, आहे. सगळ्या नाक्याला ठाऊक आहे. पण तुझ्या घरातल्या मशीनचा असतो का? तू मला पोरासारखं वाढवलंस, आणि माझ्यापासून एक लोखंडाचा तुकडा गोधडीखाली झाकलास, जसं काय मी जप्तीवाला आलोय.

इथे थांबलो होतो. एक जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आईचा आशीर्वाद' लिहून घ्यायला आला होता. त्याला म्हटलं, आशीर्वाद नुसता लिहू नकोस, आईला दवाखान्यात नेतोस का कधी? तो घाबरून म्हणाला, "काका, फक्त लिहायचं हाय." लिहून दिलं.

आता चहा.

संक्रांतीला तू कप माझ्यापुढे केलास तो डाव्या हाताने.

मी पाहिलं. मी सगळं पाहतो, पाटीचा एक काना कलला तरी मला झोप येत नाही. मी लहान असताना भंडाऱ्याच्या पंगतीत प्रसाद डाव्या हाताने घेतला म्हणून तू सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. "डाव्या हाताने देनार्‍याचं घर बुडतं आनि घेनार्‍याचं पोट." ही तुझी वाक्यं. तीच तू, मला, पाहुण्याला, सणाच्या दिवशी डाव्या हाताने चहा देतेस, आणि उजवा हात पदराखाली. तिळगूळ तर दिलाच नाहीस, ताटली सरकवलीस आणि म्हणालीस, घे तुझा तू. मी म्हटलं, असेल काहीतरी, कामाच्या गडबडीत असेल. चहा प्यालो. चांगला झाला होता, ते खरंच लिहिलं वर.

सविताने बाकीचं सांगितलं. श्रावणाच्या आधी भाताची आवणी चालू असताना बांधावरून घसरलीस. मनगटावर पडलीस. वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या, तो हात तसाच वाकडा जुळला. मूठ वळत नाही. बेलणं धरलं की कळ कोपरापर्यंत जाते. दिवाळीपर्यंत तरी तू तसंच लाटत होतीस, सविता उकड मळायची आणि तू लाटायचीस, रात्री हाताला मिठाचं पाणी. मग मागणी वाढली. कशामुळे वाढली ते मी वर लिहिलंच आहे, मोठ्या अभिमानाने.

आणि एक फोन. दिवाळीच्या सुमाराचा. तो मला परवापासून पुन्हापुन्हा ऐकू येतोय. तुझी रेंज त्या दिवशी एकदम साफ होती. तू म्हणालीस, "मंगळ्या, ते हाताचं काढून टाक ना नावातून. नुसतं पापड म्हन. पापड तर पापड."

मी काय म्हणालो? म्हणालो, "बाय, तू पापड लाट. पाटी मला रंगवू दे."

तू हसलीस आणि कोंबड्यांचं बोलायला लागलीस.

तुझं म्हणणं काय, कशासाठी, हे त्या वेळी विचारायला पाहिजे होतं, असं मी इथे लिहिणार नाही. लिहिलंय असं समज आणि पुढे वाच.

तुझाही राग आहेच. सरळ बोलता येत नव्हतं? 'हात मोडलाय' हे दोन शब्द झाले. नावातले दोन शब्द काढायला तू फोन केलास, आणि हे दोन बोलली नाहीस! दिनेशला सुद्धा म्हणे सांगितलंस की मुका मार आहे, जाईल. पोरगा कामावरून सुट्टी काढेल म्हणून. मला सांगितलं नाहीस कारण भावाच्या पाटीला बट्टा लागेल. एवढ्या मोठ्या बाईला कोण समजावणार की पाटी रंगाची असते, घासलेटचा बोळा फिरवला की जाते. मनगट जात नाही.

आता उत्तराचं. हर्षालीने एक वाट काढली होती. म्हणाली, "पप्पा, 'हाताने लाटलेले' काढून 'हातचे घरगुती' लिहू. पीठ तर हातानेच मळतात ना? खोटं नाही. मागणीही टिकेल, आणि रंगनाथना सांगू की तुम्ही वाचण्यात चुकलात." हुशार आहे पोरगी. मी तासभर त्याच्याभोवती फिरलो, तुला खरं सांगतो. कारण एकदा का ते दोन शब्द गेले की मागणी बसणार, हे मी पाहिलेलं आहे. आणि दुसरं कारण असं की मी सगळ्या जगासमोर छाती ठोकून लिहिलंय की हात तिचाच. ते आता खोटं पडणार. नाक्यावर मी कुणाला तोंड दाखवू?

पण मला तुझंच एक आठवलं. मी नवीन दुकान मांडलं तेव्हा एका दूधवाल्याने 'शुद्ध म्हशीचे दूध' लिहून मागितलं होतं आणि तू म्हणालीस, "लिही, पन आधी म्हस बघून ये." मी खरंच गेलो होतो म्हैस बघायला. तर यावेळी मी म्हैस बघायला आलो होतो, म्हशीवर बसून चहा प्यालो आणि काही न बघता परत आलो.

उत्तर पाठवून दिलं. तुला विचारलं नाही. असं लिहिलं:

'श्री. रंगनाथ यांचे म्हणणे बरोबर आहे. हे पापड हाताच्या दांड्याच्या मशीनवर दाबलेले आहेत. नागली पेठचीच, उकड घरची, वाळवण उन्हातले. लाटणाऱ्या बाईंच्या मनगटाला दुखापत आहे आणि नाव लिहिणाऱ्याने ते वेळेवर पाहिले नाही. चूक नावाची आहे, पापडाची नाही. नाव बदलले आहे. ज्यांना पुडे परत करायचे आहेत त्यांनी करावेत.'

आधीचं माझं ते उद्धट उत्तर हर्षाली पुसणार होती. मी म्हटलं राहू दे. पाटी पुसली की खालची जुनी अक्षरं उन्हात दिसतातच.

अर्ध्या तासात त्या पुण्याच्या माणसाचं उत्तर आलं. मला वाटलं आता फुशारकी मारणार. लिहिलंय, 'पापड चवीला उत्कृष्ट आहेत, परत करायचे नाहीत. बाईंच्या हाताला आता कसे आहे?' बघ. पट्टी लावणाऱ्या परक्या माणसाने तुझा हात विचारला. मी अजून विचारला नव्हता. त्याला मी काय उत्तर देऊ?

नवं नाव असं आहे:

पेठचे नागली पापड, नाचणी, रागी, उन्हात वाळवलेले, ५०० ग्रॅम

वाचायला बरं आहे. मधे मला एक खड्डा दिसतो, तो दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. हर्षाली म्हणते तिथे 'ग्लूटेन-फ्री' घाला. मी म्हटलं, ती जागा रिकामी राहू दे. करडा रंग अजून गेलेला नाही, उत्तर वाचून ते ठरवणार आहेत. मागणी बसली तर बसली. सविता आणि तू मिळून होतील तेवढे दाबा, एकमेकींना बघून, सावकाश. तो दांडा ओढायला सविताला सांग. तू ओढायचा नाही. तुला दिसतंय का, मी मशीनच्या बाजूने बोलतोय! ललिता म्हणते, हे वाक्य फ्रेम करून दुकानात लावू.

आता नीट वाच. सोमवारी सकाळी सोमनाथ जीप घेऊन तुझ्या दारात येईल. पुढची खिडकीजवळची जागा तुझी, त्याला बजावलंय. हाडाच्या डॉक्टरकडे नाव घालून ठेवलंय. वाकडं जुळलेलं हाड पुन्हा बसवता येतं की नाही ते तो बघून सांगेल. मी त्याच्या दवाखान्याची पाटी रंगवलीय, 'अस्थिरोग' चा 'थ' मीच त्याला नीट करून दिला होता, तेव्हा माणूस ओळखीचा आहे. येताना नागली आणू नकोस, तांदूळ आणू नकोस, कोंबडी तर मुळीच आणू नकोस. मागच्या वेळी ती जीपमध्ये सुटली आणि सोमनाथ अजून मला ऐकवतो. रिकाम्या हाताने ये. मला तो रिकामाच बघायचाय.

रेंज नाही, गाई कोण बघणार, शिमगा तोंडावर आलाय, यातलं एकही कारण चालणार नाही. शिमग्याच्या आधी परत आणून सोडतो, होळीला नैवेद्य तूच दाखव. सविताला मी सांगितलंय, गाई ती बघेल. आणि जीप रिकामी परत आली, तर त्याच जीपने मी येईन, पडवीत बसेन आणि तू निघेपर्यंत उठणार नाही. गोधडी काढून बसेन. दांडा लागला तर लागू दे.

हे पत्र वाचून तू हसशील आणि म्हणशील, मंगळ्याला राग आला. आलाय. कोणावर, ते मी शोधतोय.

पाटीच्या खाली कोपऱ्यात मी नेहमी 'मंगल आर्ट्स' लिहितो. इथे ते शोभत नाही.

तुझ्या डाव्या हातचा चहा काही न विचारता प्यालेला,

मंगळ्या